जुन्या यंत्रांना धातूची झळाळी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा ओसरून दिवाळीची साफसफाई जवळ आली की घरातल्या इतर खोल्यांपेक्षा स्वयंपाकघराकडे अधिक बारकाईने पाहिले जाते, आणि मग उत्तम चालणारा पण रंग उडालेला फ्रीज किंवा पिवळा पडलेला मिक्सर डोळ्यांत खुपू लागतो. अशी यंत्रे कमी खर्चात स्टीलसारखी किंवा तांब्यासारखी दिसावीत यासाठी काय करावे, असे विचारणारी बरीच पत्रे या वेळी इंदूरच्या वाचकांकडून आली आहेत. त्यांतली निवडक येथे घेतली आहेत. चालते यंत्र केवळ रूप गेले म्हणून भंगारात देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र नव्या रूपावर होणाऱ्या खर्चाचा आणि कष्टांचा मोठा वाटा रंगाखालच्या तयारीवर पडला पाहिजे, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे मरून रंगाचा एका दाराचा जुना फ्रीज आहे. थंडावा उत्तम आहे, पण दाराच्या खालच्या कडेला गंज धरला आहे आणि हँडलजवळचा रंग निघाला आहे. दोन हजार रुपयांच्या आत त्याला स्टीलचे रूप देता येईल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : देता येईल, पण त्यासाठी संपूर्ण फ्रीज रंगवण्याचा विचार सोडावा लागेल. फ्रीज बहुतेक वेळा भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कपाटाशेजारी उभा असतो आणि त्याचे दारच तेवढे नजरेत भरते. दाराचे क्षेत्रफळ जेमतेम पाऊण चौरस मीटर असते, तर दोन्ही बाजू आणि माथा धरला तर ते तिपटीहून अधिक होते. ४०० मिलिलिटरचा स्प्रेचा एक डबा एका हातासाठी साधारण दीड चौरस मीटर पुरतो. त्यामुळे केवळ दारासाठी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक, धातूच्या छटेचे दोन आणि वरच्या पारदर्शक क्लिअरचा एक, असे चार डबे पुरेसे होतात. डब्याची किंमत तीनशे रुपयांच्या आसपास धरली, तर पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि गंजाचे सामान धरूनही आपले काम ठरवलेल्या रकमेत बसते. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळे एकाच फेरीत मिळेल. बाजू फारच विजोड दिसल्या तर त्यांना पुढे साधा राखाडी रंग द्यावा. तो धातूच्या छटेशेजारी शोभतो आणि देण्यासही सोपा असतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक चाचणी करावी. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सरकून बाहेर आली तर रबरी गॅस्केट सैल झाले आहे आणि फ्रीज वीज वाया घालवत आहे, असे समजावे. अशा वेळी पहिले पैसे गॅस्केटवर खर्च करावेत आणि रंगाचे काम त्यानंतर हाती घ्यावे.

जुन्या एका दाराच्या फ्रीजचे दार वरच्या बिजागरीचे बोल्ट काढले की सुटे होते आणि त्यात सहसा विजेच्या तारा नसतात. दार काढून अंगणात किंवा गच्चीवर नेऊन रंगवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. स्प्रेच्या डब्यातला वायू ज्वालाग्राही असतो आणि अलीकडच्या अनेक फ्रीजमध्ये भरलेला आर-६००ए हा वायूही ज्वालाग्राहीच असतो. म्हणूनच फ्रीजचा प्लग काढल्याशिवाय, गॅसचा रेग्युलेटर बंद केल्याशिवाय आणि खिडक्या उघडल्याशिवाय स्वयंपाकघरात स्प्रे मारू नये. फ्रीजच्या कोणत्याही बाजूला खिळा किंवा स्क्रू ठोकण्याचा विचारही करू नये, कारण पत्र्याच्या आत लगतच वायूच्या नळ्या फिरवलेल्या असू शकतात. दार काढताना फ्रीज आडवा करावा लागलाच, तर तो उभा केल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल आपल्या जागी परतते.

आता मुख्य कामाकडे वळू. स्वयंपाकघरातल्या पत्र्यावर फोडणीच्या तेलाचा अदृश्य थर बसलेला असतो आणि रंग सोलून निघण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. भांड्यांच्या साबणाने दार दोनदा धुवावे, स्वच्छ पाण्याने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. तेल निघण्यापूर्वी पॉलिश पेपर मारला तर ते ओरखड्यांत आणखी खोल बसते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. गंज लागलेली जागा ८० किंवा १०० नंबरच्या कागदाने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावी. रंगाखाली उरलेला गंज पसरत राहतो आणि काही महिन्यांत फुगवटा देऊन वर येतो. खड्डा पडला असेल तर मोटारगाड्यांच्या पत्र्यासाठी वापरतात ती लांबी (पुट्टी) भरावी आणि वाळल्यावर सपाट करावी. उरलेल्या दारावर ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह हलक्या हाताने फिरवावा. जुना रंग सगळा काढायचा नसतो, केवळ त्याची चकाकी मारायची असते. पूर्वी कोणी या फ्रीजला ब्रशने ऑइलपेंट लावला असेल, तर घासणे ओल्यानेच करावे आणि तोंडाला मास्क लावावा. घरगुती रंगांतले शिसे दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्यापूर्वीच्या रंगांची धूळ निरुपद्रवी मानता येत नाही आणि घरात लहान मुले असतील तर अजिबातच नाही.

प्रायमर, रंग आणि क्लिअर हे तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्यावेत. ब्रशने दिलेल्या रेड ऑक्साइड प्रायमरवर स्प्रेचा रंग मारला की खालचा थर सुरकुततो, असे बऱ्याचदा घडते. गॅस्केट आणि आतले प्लास्टिक टेप व वर्तमानपत्राने झाकावे आणि प्रायमर वाळल्यावर ४०० नंबरच्या कागदाने हलकेच गुळगुळीत करावा.

धातूच्या छटेचा स्वभाव साध्या रंगापेक्षा वेगळा असतो आणि तो समजून घेतला तर निम्मे काम सोपे होते. या रंगात ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक, चपटे कण असतात. ते पृष्ठभागाशी समांतर पडले तर सगळीकडून सारखा प्रकाश परततो आणि पत्रा धातूचा भासतो. रंग एकाच जागी ओला साचला तर कण त्यात तरंगून वेडेवाकडे बसतात आणि ढगांसारखे डाग दिसतात. म्हणून डब्यातली गोळी वाजू लागल्यावर आणखी दोन मिनिटे डबा हलवावा, पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावे, दाराच्या बाहेरून फवारा सुरू करून दाराच्या बाहेरच थांबवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. पहिला हात इतका पातळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असे तीन हात द्यावेत आणि शेवटचा हात थोडा दुरून, धुक्यासारखा द्यावा. साध्या रंगात कोपरा बिघडला तर तेवढाच दुरुस्त करता येतो. धातूच्या छटेत अशी डागडुजी नेहमी उठून दिसते आणि सगळे दार पुन्हा एकसारखे रंगवावे लागते. आरशासारखी चकाकी देणारा क्रोम स्प्रे मी सुचवत नाही. तो बोटांच्या स्पर्शाने काळवंडतो आणि जुन्या पत्र्यावरचा प्रत्येक पोचा ठळक दाखवतो. सॅटिन किंवा मॅट रुपेरी छटा पोचे झाकते आणि खऱ्या स्टीलच्या अधिक जवळ जाते.

क्लिअरचा थर टाळू नये. ॲल्युमिनियमचे कण उघडे राहिले तर धुण्याच्या सोड्याने आणि साबणाने ते करडे पडतात आणि पुसताना फडक्यावर उतरतात. रंग स्पर्शाला काही तासांत कोरडा लागला, तरी पुरता कडक होण्यास आठवडाभर लागतो. तोपर्यंत दार ओल्या फडक्याने पुसू नये आणि त्यावर चुंबकाची चित्रेही लावू नयेत.

माळव्याच्या हवेत हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत चांगले होते. पावसाळ्यात हवेतली वाफ ओल्या थरावर बसून रंग पांढुरका पडतो आणि मे महिन्याच्या झळांत फवारा पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच वाळून खरखरीत होतो. स्वतःच्या हाताचा भरवसा वाटत नसेल तर सुटे दार गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्यावे. त्याच्याकडचा दोन भाग मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग डब्यातल्या रंगापेक्षा कितीतरी टिकाऊ असतो आणि दुसऱ्या कामातला उरलेला रुपेरी रंग तो कमी पैशांत मारून देण्यास अनेकदा तयार असतो. भाव आधी ठरवून घ्यावा.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि फ्रीज घरमालकांचा आहे. रंग न लावता, पुढे काढून टाकता येईल असा काही उपाय आहे का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : घासलेल्या स्टीलसारखी दिसणारी, चिकट पाठीची व्हिनाइल फिल्म आपल्यासाठी योग्य ठरेल. एका दाराच्या फ्रीजची रुंदी साधारण ५५ सेंटिमीटर असते आणि ६० सेंटिमीटर रुंदीची गुंडाळी सहज मिळते, त्यामुळे मधोमध जोड येत नाही. घरमालकांना आधी विचारावे, कारण जुना रंग सैल झाला असेल तर फिल्म काढताना त्याचे पापुद्रे सोबत निघू शकतात. खालच्या कोपऱ्यात एक तुकडा दोन दिवस चिकटवून काढून पाहिला म्हणजे हे कळते.

दार धुऊन पूर्ण कोरडे करावे, हँडल सुटत असेल तर काढावे, आणि पाठीचा कागद एकदम न सोलता वरून खाली वीतभर सोलत, मऊ फडके गुंडाळलेल्या जुन्या कार्डाने मध्यापासून कडांकडे दाबत जावे. बुडबुडा राहिलाच तर सुईने टोचून हवा काढावी. कोपऱ्यांवर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दिली की फिल्म वाकते आणि बसते. घासलेल्या स्टीलच्या रेषा सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेने आल्या पाहिजेत. फ्रीजच्या दारावर त्या उभ्या घेतलेल्या मला अधिक शोभून दिसतात. अनेक फ्रीजच्या बाजू हाताला कोमट लागतात, कारण आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्या पत्र्याच्या मागे असतात. तिथे फिल्मचा गोंद मऊ होऊन कडा सुटतात, म्हणून फिल्म दारापुरतीच ठेवावी आणि फ्रीज भिंतीपासून चार बोटे दूर असू द्यावा. घर सोडताना गरम हवेने फिल्म सैल करून हळूहळू ओढावी आणि उरलेला गोंद खोबरेल तेल चोळून साबणाने धुवावा.

प्रश्न : मिक्सरचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडले आहे. आमच्या मांडणीवर तांब्या-पितळेची भांडी आहेत, त्यांच्याशी जुळेल अशी तांब्याची छटा मिक्सरला देता येईल का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : कल्पना फार सुंदर आहे आणि ती साधण्यासारखीही आहे. मिक्सरचे आवरण बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असते. पिवळेपणा प्रकाशाने आणि उष्णतेने येतो, तो धुऊन जात नाही, पण रंगाखाली झाकला जातो. या प्लास्टिकला थिनर कधीही लावू नये, कारण थिनरने ते विरघळून चिकट होते. साबणाने धुतल्यावर ६०० नंबरचा कागद फिरवावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि प्लास्टिकसाठी वेगळा मिळतो तो प्रायमर आधी मारावा. लोखंडाचा प्रायमर इथे धरत नाही.

हवा जाण्याच्या खाचा आणि भांडे बसते तो कपलर टेपने झाकावा. खाचांतून आत गेलेला रंग मोटरवर बसतो आणि खाचा बुजल्या तर मोटर तापते. वेग बदलण्याचे बटण काढून वेगळे रंगवावे, म्हणजे त्याच्या कडेला रंग साचून ते अडकत नाही. तळाशी असलेली व्होल्ट-वॉटची पट्टी जशीच्या तशी राहू द्यावी. पुढे दुरुस्तीच्या वेळी ती लागते. मिक्सर चालताना जळका वास येत असेल तर आधी मोटरमधले कार्बन ब्रश तपासून घ्यावेत.

तांब्याच्या किंवा सोनेरी रंगांपैकी काहींमध्ये खरी तांबे-मिश्र धातूची भुकटी असते आणि चिंच, लिंबू, ताक यांच्या आंबटपणाने ती काळी-हिरवी पडते. त्यामुळे वरून क्लिअरचे दोन हात आवश्यक आहेत. हळदीचे डागही मग सहज बसत नाहीत. मिक्सरच्या भांड्यांना, झाकणांना आणि अन्नाचा स्पर्श होणाऱ्या कोणत्याही भागाला मात्र आतून-बाहेरून काहीही लावू नये. ती भांडी मुळातच स्टीलची असतात आणि व्हिनेगरच्या पाण्याने पुसली की बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग जाऊन पुन्हा लखलखतात.

प्रश्न : गॅसची शेगडी, मायक्रोवेव्ह आणि चिमणी या तिन्हींना एकाच रुपेरी रंगात आणायचे आहे. चालेल का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तिन्ही एकाच डब्यातून रंगवणे धोक्याचे आहे, म्हणून प्रत्येकाचे वेगळे सांगतो.

मायक्रोवेव्हचे फक्त बाहेरचे आवरण रंगवावे, तेही यंत्र न उघडता, प्लग काढून आणि हवेच्या जाळ्या झाकून. आत धातूचा रंग कधीही लावू नये. त्यातल्या कणांमुळे ठिणग्या उडू शकतात. आतला मूळ रंग उडाला असेल तर मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीच बनवलेला रंग लागतो, आणि पत्रा गंजून भोक पडले असेल तर यंत्र वापरातून काढावे. दाराच्या काचेतली जाळी शोभेसाठी नसते. मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, जाळीची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची असतात, आणि म्हणून लहरी बाहेर पडू शकत नाहीत. ती जाळी आणि दार जिथे चौकटीला टेकते ती कड यांना हात लावू नये. रंगाच्या सोयीसाठी आवरण उघडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण आतला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार धरून ठेवू शकतो.

शेगडी स्टीलची असेल तर तिला रंगाची गरजच नाही. कोमट पाणी, साबण आणि खाण्याच्या सोड्याचा लेप लावून, स्टीलच्या रेषांच्या दिशेने मऊ स्पंजाने घासावी. तारेचा घासा आणि ब्लीच दोन्ही टाळावेत. स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर त्याला गंजापासून राखतो आणि ब्लीचमधले क्लोरीन नेमका तोच पोखरते. पत्र्याची रंगवलेली शेगडी असेल तर बर्नरच्या आसपासचा भाग साध्या स्प्रेने रंगवू नये, तो मऊ होऊन धूर सोडतो. त्यासाठी ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा उष्णतारोधक रंग रुपेरी छटेत मिळतो; तो डब्यावरच्या सूचनेप्रमाणे तापवून पक्का करावा लागतो आणि हे पहिले तापवणे खिडक्या उघडून, अन्न न ठेवता करावे. भांडी ठेवण्याच्या जाळ्यांना पावडर कोटिंग करून घेण्याचा सल्ला काही कारागीर देतात, तो मानू नये. पावडर कोटिंग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर वितळवून बसवतात आणि थेट ज्योतीसमोर ते टिकत नाही. फ्रीजचे स्टँड, ट्रॉलीची चौकट अशा सुट्या लोखंडी वस्तूंसाठी मात्र ते उत्कृष्ट आहे. बर्नर, नॉब आणि गॅसची नळी यांवर रंगाचा थेंबही नको.

चिमणीचा बाहेरचा हुड तेल पूर्ण काढल्यावर रंगवता येतो किंवा त्यावर फिल्म लावता येते, फक्त ज्योतीकडची खालची कड सोडावी. फिल्टर नुसते धुवावेत.

प्रश्न : स्प्रेचे रिकामे डबे कुठे टाकावेत?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्यासाठी स्वतंत्र कप्पा असतो, त्यात टाकावेत. डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबावा, म्हणजे तोंड बुजत नाही. डब्याला भोक पाडू नये आणि तो आगीत टाकू नये.

प्रश्न : आईचा जुना, गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन माळ्यावर सापडला. नानखटाई त्यातच करायची असे मनात आहे, पण तो काळा पडला आहे. त्याला चांदीसारखा रंग द्यावा का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : त्याला रंग मुळीच देऊ नये. जी झळाळी आपण रंगातून मिळवू पाहता ती त्या ओव्हनच्या अंगातच आहे, केवळ वरचा काळा थर काढावा लागेल. धुण्याचा सोडा वापरू नये, त्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि आणखी काळे पडते. तारा जोडलेला भाग पाण्यापासून दूर ठेवून, झाकण आणि आतले सुटे भांडे चिंचेच्या किंवा लिंबाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावे आणि मऊ घाशाने घासावे. बाहेरून अधिक चकाकी हवी असेल तर धातूचे पॉलिश चालेल, मात्र आतून, जिथे नानखटाई ठेवायची तिथे, लावू नये.

खर्च करायचा तो विजेच्या भागावर करावा. इतक्या जुन्या ओव्हनमध्ये कापडी आवरणाची तार आणि दोन पिनांचा प्लग असण्याची शक्यता मोठी असते, म्हणजे धातूच्या आवरणाला अर्थिंग नसते. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून उष्णता सोसणारी नवी तीनपदरी तार आणि तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा आणि कॉइल व आवरण यांच्यात गळती नाही हे मीटरने तपासून घ्यावे. कॉइलभोवती किंवा तारेवर पांढरे, तंतुमय वेष्टन असेल तर ते घासू किंवा कोरू नये. जुन्या उपकरणांत अशा जागी ॲस्बेस्टॉस वापरत असत आणि त्याचे तंतू श्वासातून जाणे घातक असते. ते वेष्टन काढणे-बदलणे इलेक्ट्रिशियनवरच सोपवावे. हे सगळे झाल्यावर ओव्हन प्रथम रिकामाच पंधरा-वीस मिनिटे खिडकीजवळ तापवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा, आतून ओल्या फडक्याने पुसावा आणि मगच नानखटाईचा पहिला घाणा लावावा.